गुराख्याची विद्या आणि वैद्याची पाठशाळा

आयुर्वेदाच्या शिक्षणाविषयी आपल्या व्यवसायात चर्चा निघाली की ती बहुधा ठरावीक विषयांभोवती फिरते. अभ्यासक्रम किती वर्षांचा असावा, प्रवेशाचे निकष कोणते असावेत, महाविद्यालयांत अध्यापक पुरेसे आहेत किंवा नाहीत, रुग्णालयांतील खाटा किती भरतात, हे सर्व प्रश्न महत्त्वाचेच आहेत. परंतु शिक्षण किती आणि कोणते यांइतकाच ते कोठे घडते, हाही प्रश्न विचारार्ह आहे आणि त्याकडे मात्र आपले क्वचितच लक्ष जाते. शिकण्याची जागा म्हणजे वर्ग, शिकविणारा म्हणजे पदवीधर अध्यापक आणि शिकल्याचा पुरावा म्हणजे उत्तरपत्रिका, हे समीकरण आपल्या मनात इतके दृढ झाले आहे की त्याबाहेर काही शिकणे घडत असेल अशी शंकाही आपल्याला येत नाही. आमच्या मते इतर शास्त्रांपेक्षा आयुर्वेदाची या समीकरणाने अधिक हानी केली आहे. ती हानी कोणती आणि ती भरून काढण्यासाठी व्यावसायिक वैद्य व औषधनिर्माते यांच्या हाती काय आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रारंभ आपल्या संहितांपासूनच करू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात, औषधी वनस्पती नावाने व रूपाने कोणाला माहीत असतात हे सांगताना, आचार्यांनी शेळ्या राखणारे, मेंढ्या राखणारे, गुराखी आणि इतर वनवासी यांचा उल्लेख केला आहे. सुश्रुतसंहितेतही भूमीचे प्रकार सांगणाऱ्या अध्यायात गोपाल, तपस्वी, व्याध, रानात वावरणारे आणि कंदमुळांवर निर्वाह करणारे यांच्याकडून औषधींची ओळख करून घ्यावी, असा स्पष्ट निर्देश आहे. चरकाचार्य मात्र तेथेच थांबत नाहीत. नाव व रूप कळले म्हणजे औषध कळले असे होत नाही. देश, काल आणि पुरुष पाहून त्याची योजना जो जाणतो तोच उत्तम वैद्य, असे ते लगेच पुढे सांगतात. येथे विद्येचे दोन भाग दिसतात. ओळखीचा भाग रानात वावरणाऱ्याकडे आहे आणि योजनेचा भाग शास्त्र जाणणाऱ्याकडे आहे. दोहोंची भेट झाल्याशिवाय औषध सिद्ध होत नाही. ही भेट वर्गात घडणे शक्य नाही, कारण गुराखी वर्गात येत नाही आणि वनस्पती तर मुळीच येत नाही.

हा विचार आम्ही लोहारा परिसर डोळ्यांसमोर ठेवून मांडीत आहोत. यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहाऱ्यात औद्योगिक वसाहत आहे. या भूमीतील कापसापासून कापड विणणारा मोठा कारखानाही तेथेच आहे. शहरात आयुर्वेद महाविद्यालय आहे. आणि थोडे बाहेर पडताच सागाचे, मोहाचे, पळसाचे आणि बेहड्याचे पानझडी रान सुरू होते. जिल्ह्याच्या पांढरकवडा, मारेगाव, झरी-जामणी, घाटंजी, राळेगाव या भागांत कोलाम व गोंड समाजांची वस्ती आहे, तर तांड्यांतून बंजारा समाज राहतो. म्हणजे शास्त्र, उद्योग आणि रान ही तिन्ही एका दिवसाच्या प्रवासात गाठता येतील इतकी जवळ आहेत. एवढे सान्निध्य महाराष्ट्रातील थोड्याच ठिकाणी आढळेल. लोहारा या नावाची व्युत्पत्ती काहीही असो, ते उच्चारताच लोहाराचा भाता आणि ऐरण डोळ्यांपुढे येते. लोहाराचा मुलगा फळ्यावर लोखंडाचे गुणधर्म लिहून लोहार होत नाही. तापलेल्या लोखंडाचा रंग पाहून घाव केव्हा घालावा, हे तो भात्याजवळ बसूनच शिकतो. आयुर्वेदातील द्रव्यज्ञानही याच जातीचे आहे.

परंतु प्रत्यक्षात ही तीन क्षेत्रे एकमेकांना भेटत नाहीत. एकट्या कुड्याचे उदाहरण घेतले तरी हे ध्यानात येईल. अतिसार व प्रवाहिका यांत कुटजाचे स्थान काय आहे, हे कोणत्याही वैद्याला सांगावयास नको. द्रव्यगुण विषयाचा विद्यार्थी कुटजाचे रस, वीर्य, विपाक आणि त्याचे कल्प न अडखळता सांगतो. मात्र रानात पांढरा कुडा आणि त्याच्यासारखाच दिसणारा काळा कुडा शेजारी शेजारी उभे असले, तर त्यांतील औषधी कुटज कोणता हे त्यांपैकी किती जणांना सांगता येईल? काळ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्याच्या पानांपासून निळा रंग निघतो, त्याचे बी गोडसर लागते. औषधी कुड्याच्या शेंगा सुट्या असतात, त्याची साल व बी, म्हणजे आपला इंद्रयव, कडू असते. शेळ्या राखणाऱ्या वृद्धाला हा भेद ठाऊक असतो. परंतु त्या कडू सालीचे अरिष्ट होते आणि ते बाजारात कोणत्या नावाने विकले जाते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. औषधनिर्मात्याकडे साल पोत्यांतून, पुष्कळदा तुकडे किंवा चूर्ण होऊन येते. तोपर्यंत शेंगही गेलेली असते, पानही गेलेले असते. विद्यार्थी, मेंढपाळ आणि निर्माता या तिघांकडे मिळून कुटजाचे संपूर्ण ज्ञान आहे. पण एकट्याकडे ते कोणाकडेच नाही.

हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाही. २०२१ साली गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी प्रसिद्ध केली आणि देशभर वाद माजला. त्या वेळी आयुष मंत्रालयाने जी भूमिका मांडली, तिचा एक महत्त्वाचा भाग वनस्पतीच्या ओळखीविषयीच होता. गुडूची म्हणून वापरली जाणारी वेल आणि तिच्याच प्रजातीतील, खोडावर ठळक गाठी असलेली दुसरी वेल यांत गल्लत होऊ शकते, हे मंत्रालयाला लोकांना समजावून सांगावे लागले. त्या वादात कोणाचे म्हणणे कितपत बरोबर होते याच्या खोलात आम्ही येथे शिरत नाही. एवढे मात्र खरे की ज्या वनस्पतीला आपण अमृता म्हणतो, तिची ओळख सामान्य माणसाला पटविण्याची वेळ शासनावर आली. घराघरांत, कडुनिंबावर चढलेली वेल दाखवून ही ओळख पूर्वीच होत राहिली असती, तर गोंधळाला इतका वाव राहिला नसता. बला, शंखपुष्पी, पुनर्नवा, रास्ना या प्रत्येक नावामागे असाच संदिग्धतेचा इतिहास आहे आणि प्रत्येक संदिग्धतेची किंमत शेवटी रुग्ण मोजतो. आपल्या शास्त्राची पत त्यासोबत घटते, ती वेगळीच.

याचा अर्थ महाविद्यालये निरुपयोगी आहेत असा कोणी काढू नये. शंकर दाजी शास्त्री पदे यांच्या पुढाकाराने १९०७ साली नाशिक येथे आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला गेला. गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली अहमदनगर येथे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, महाविद्यालय सुरू केले. पुण्याचे टिळक आयुर्वेद महाविद्यालय १९३३ चे. या संस्थांनी आयुर्वेदाला परीक्षा, पदवी आणि सामाजिक प्रतिष्ठा मिळवून दिली. त्याहून मोठे काम म्हणजे, जे ज्ञान काही घराण्यांत आणि काही जातींत कोंडले गेले होते, त्याची दारे त्यांनी व त्यांच्यामागून आलेल्या संस्थांनी उघडली. आज आपल्या वर्गांत मोठ्या संख्येने मुली बसतात आणि खेड्यांतील शेतकऱ्यांची मुले बसतात, हे जुन्या गुरुकुलात घडत नव्हते. म्हणून गुरुकुलाकडे परत चला, अशी हाक आम्ही देत नाही. पण हेही विसरता कामा नये की पदेशास्त्रींनी संघटना उभारतानाच वनौषधींच्या गुणांवर मराठीत ग्रंथरचनाही केली. त्यांच्या लेखी परीक्षा आणि रान यांत विरोध नव्हता. तो विरोध नंतरच्या काळात, आपल्या सोयीने निर्माण झाला.

शिकण्याची साधने वर्गाबाहेर शोधणे हे आपल्या परंपरेला नवीन नाही. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात शस्त्रकर्माच्या सरावासाठी स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. छेदनाचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांवर करावा. भेदनाचा पाणी व चिखल भरलेल्या कातडी पिशव्यांवर. वेधनाचा मृत पशूंच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर. एषणाचा किडीने पोखरलेल्या लाकडावर व वेळूवर. शिवणाचा जाड-बारीक वस्त्रांच्या कडांवर आणि बंधनाचा मातीच्या किंवा तत्सम पुतळ्यावर करावा, असे तेथे सांगितले आहे. कोठल्याही खेड्यात, पैसा न खर्चता मिळणाऱ्या या वस्तू आहेत. बाजारातील भाजीपाला पाहून ज्यांना शस्त्रकर्माची प्रयोगशाळा सुचली, त्या आचार्यांची कल्पकता केवढी असली पाहिजे! ज्याने शास्त्र वाचले पण कर्म केले नाही आणि ज्याने कर्म केले पण शास्त्र वाचले नाही, त्या दोघांनाही सुश्रुतसंहितेने एका पंखाच्या पक्ष्याची उपमा दिली आहे. आजच्या पदवीधराला ही उपमा मुखोद्गत असते, परंतु दुसरा पंख त्याला कोणी दिलेला नसतो.

सर्जनशीलतेविषयीही असेच म्हणावे लागेल. संहितांमध्ये सर्व काही आले आहे, नवीन काही शोधावयाचे नाही, अशी एक समजूत आपल्यातील काहींच्या मनात असते. ग्रंथांचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. नाडीपरीक्षा बृहत्त्रयीत नाही. ती शार्ङ्गधरसंहितेत येते. अहिफेनही तेथेच दिसते. सोळाव्या शतकात फिरंगरोग या भूमीवर आला, तेव्हा भावमिश्रांनी त्या नव्या व्याधीचे वर्णन केले आणि त्यावर परदेशातून येणारी चोपचिनी द्वीपांतरवचा या नावाने आपल्या निघंटूत घेतली. जुन्या ग्रंथात नाही म्हणून त्यांनी ती नाकारली नाही. तिच्यावर रस-वीर्याची कसोटी लावून तिला शास्त्रात स्थान दिले. पाहिलेल्या, ऐकलेल्या व अनुभवलेल्या गोष्टीला शास्त्राच्या भाषेत बसविण्याची ही युक्तीच आयुर्वेदातील खरी सर्जनशीलता होय. ती पाठांतराने येत नाही. अपरिचित वस्तूसमोर विद्यार्थ्याला उभे करून, ‘तुला यात काय दिसते?’ असे विचारले, तरच ती जागी होते.

येथे आपल्या व्यवसायाबाहेरील एका प्रयोगाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे नेले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आता तो पालघर जिल्ह्यात आहे. वारली मुले शाळेत येत नाहीत, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात गेली आणि तिला अंगणवाडी हे नाव मिळाले. पुढे १९७५ पासून देशव्यापी बालविकास योजनेने हेच नाव घेतले. तथापि आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची आहे ती त्यांची कुरणशाळा. मोठी मुले दिवसभर गुरे राखावयास जात असत. गुरे सोडून शाळेत या, असे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. म्हणून शिक्षक कुरणावर गेले. गुरे चरत असताना तेथेच अक्षरे, तेथेच अंक, तेथेच निसर्गाची ओळख असा क्रम सुरू झाला. महागड्या शैक्षणिक साधनांऐवजी बिया, शिंपले, पाने, खडे वापरले गेले. जो मुलगा शाळेच्या नोंदीत गैरहजर ठरला असता, तो आपल्या कामाच्या जागी विद्यार्थी झाला.

चरकाचार्यांचा गुराखी आणि कोसबाडचा गुराखी मुलगा यांत आम्हाला विलक्षण नाते दिसते. एका ठिकाणी शास्त्र त्याला ज्ञानाचा धनी म्हणते, दुसऱ्या ठिकाणी शाळा त्याच्या दाराशी जाते. आजची सर्वसाधारण शाळा मात्र यांपैकी काहीच करीत नाही. मुलाला रानातून वर्गात आणणे योग्यच आहे. बालमजुरीचे समर्थन कोणीही शहाणा माणूस करणार नाही. पण त्या वर्गात प्रवेश करताना, ‘तुला किती झाडे ओळखता येतात?’ असे त्याला कोणी विचारत नाही. त्याच्या आजीला ठाऊक असलेली पन्नास झाडे त्याच्या गुणपत्रिकेत कोठेच बसत नाहीत. दोन पिढ्यांत ती विस्मरणात जातात. त्या मुलाचे यात जेवढे नुकसान होते तेवढेच आपलेही होते, कारण उद्याचा औषधी गोळा करणारा, उद्याचा वैद्य आणि उद्याचा ग्राहक त्याच मुलांतून यावयाचा आहे.

आणखी दोन उदाहरणे थोडक्यात नोंदवितो. हिंदुस्थान लिव्हर कंपनीतील संशोधनकार्य सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या मुलांनी गावाला लागणारी कामे प्रत्यक्ष करावीत, त्यांतून तंत्र शिकावे आणि केलेल्या कामाचे मोलही मिळवावे, अशी तेथील पद्धती आहे. दुसरे उदाहरण विदर्भातीलच. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावात अनेक वर्षे अभ्यासगट चालत आला आहे. गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र बसतात, एखादा विषय सर्व बाजूंनी समजून घेतात. अभ्यासगट निर्णय देत नाही, निर्णय ग्रामसभेचा. पोळे व माश्या नष्ट न करता मध काढण्याच्या पद्धतीसारखे विषय अशाच अभ्यासातून पुढे आले. याच गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. चरकसंहितेच्या विमानस्थानात ज्ञानवृद्धीचे तीन उपाय सांगितले आहेत: अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. पहिले दोन आपण महाविद्यालयांकडे सोपविले. तिसऱ्याचे जिवंत रूप मेंढ्यासारख्या गावाने जपले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आता आपण काय करू शकतो, याकडे वळू. शासनाने करावयाच्या गोष्टींची यादी आम्ही देत नाही. ती यादी सर्वांना पाठ आहे. पुढील चार गोष्टी मात्र व्यावसायिक वैद्य व निर्माते कोणाच्याही परवानगीवाचून किंवा अनुदानावाचून आरंभू शकतात.

पहिली गोष्ट शाळेची. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना शिकण्याची कल्पना मांडली आहे. हे दिवस कसे घालवावेत, याची चिंता अनेक मुख्याध्यापकांना पडते. प्रत्येक वैद्याने आपल्या परिसरातील एका शाळेकडे जाऊन त्यांपैकी एक दिवस मागून घ्यावा. मुलांनी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून एकेका वनस्पतीचे घरी वापरात असलेले नाव आणावे, मग ते वऱ्हाडी असो, कोलामी, गोंडी असो की गोरमाटी. वनस्पती न उपटता तिचे चित्र काढावे आणि वैद्याने तिचे शास्त्रीय नाव व गुण सांगावेत. तरोटा म्हणजेच चक्रमर्द, हे कळल्यावर त्या मुलाला आपल्या आजीच्या बोलण्याविषयी जो आदर वाटेल, तो कोणत्याही भाषणाने निर्माण होणार नाही.

दुसरी गोष्ट आंतरवासीय विद्यार्थ्यांची. २०२२ च्या विनियमांनी पदवी अभ्यासक्रमात व्याख्यानांपेक्षा व्याख्यानेतर अध्यापनाला अधिक तास दिले आहेत आणि शेवटी एक वर्षाची आंतरवासिता आहेच. आपल्याकडे अनुभवासाठी येणाऱ्या तरुण वैद्याला केवळ नोंदणीच्या टेबलावर न बसविता, परिसरातील वीस वनस्पती नेमून द्याव्यात आणि प्रत्येक ऋतूत त्याच वनस्पती पुन्हा पाहावयास लावाव्यात. पाने वर्षा व वसंतात, मुळे ग्रीष्म किंवा शिशिरात, साल, कंद आणि चीक शरदात घ्यावा, हा चरकोक्त संग्रहकाल मग त्याला पाठ करावा लागणार नाही. पावसाळ्यातील घेटुळी आणि वैशाखातील घेटुळी पाहून तो आपोआप समजेल. १९८८ साली स्थापन झालेले राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठ गुरुशिष्य पद्धतीने पदवीधरांना अनुभवी वैद्यांकडे पाठविते. तो मार्ग मोजक्यांसाठी आहे. त्याचे साधे, स्थानिक रूप प्रत्येक चिकित्सालयात उभे राहू शकते.

तिसरी गोष्ट निर्मात्यांची. शेड्यूल टी लागू झाल्यापासून कच्च्या मालाच्या नोंदी व परीक्षण हे प्रत्येक निर्माणशाळेचे बंधनकारक काम झाले आहे. या कामालाच शिक्षणाचे रूप द्यावे. महिन्यातून एक दिवस निर्माणशाळा विद्यार्थ्यांना खुली ठेवावी. खरे द्रव्य आणि त्याची भेसळ शेजारी शेजारी मांडावी, दोहोंचा रंग, गंध, भंग व चव यांतील भेद दाखवावा. आणि माल आणणाऱ्या अनुभवी संग्राहकाला त्या दिवशी विक्रेता म्हणून नव्हे तर शिक्षक म्हणून बोलवावे, त्या दिवसाचे मानधनही द्यावे. ज्याला आपण क्विंटलच्या भावात मोजतो, त्याच्या ज्ञानाला मोल आहे हे त्याला आणि आपल्या कामगारांना कळेल. शिवाय असा माणूस पुढच्या खेपेला काळ्या कुड्याची साल आणण्यापूर्वी दोनदा विचार करील, हा व्यावहारिक लाभही थोडा नाही.

चौथी गोष्ट आपल्या सभांची. आपल्या संघटनेच्या तालुका व जिल्हा पातळीवरील बैठकांत कंपनीच्या प्रतिनिधीला वेळ मिळतो, तसा एक तास वर्षातून चार वेळा रानाच्या जाणकाराला मिळावा. त्यात मेंढ्याचा नियम पाळावा: त्या तासात कोणताही ठराव नको, कोणाचा सत्कार नको, फक्त ऐकणे व विचारणे.

या सूचनांवर काही आक्षेप येतील, ते रास्तही आहेत. पहिला सुरक्षिततेचा. धोत्रा, कण्हेर, गुंज, कळलावी याच रानात आहेत आणि बिब्याने अंग उतते. म्हणून मुलांनी काहीही चाखावयाचे नाही, काहीही उपटावयाचे नाही, हा नियम पहिल्या मिनिटाला सांगितला पाहिजे. दुसरा आक्षेप असा की यातून बोगस वैद्यकीला उत्तेजन मिळेल. तसे होण्याचे कारण नाही. ओळख वेगळी आणि योजना वेगळी, हा भेद स्वतः चरकाचार्यांनीच केला आहे. ओळख सांगणाऱ्याला आपण शिक्षक मानतो, चिकित्सक मानीत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. रानातील माणसाचे ज्ञान घेऊन त्याच्या हाती काहीच न देणे, हे यापूर्वी पुष्कळ झाले आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी समित्या व लोकजैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली. २०२३ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली, नोंदणीकृत आयुष व्यावसायिकांना आणि ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाला लाभवाटपाच्या काही बंधनांतून सूट दिली. परंतु कायद्याने सूट दिल्याने ऋण फिटत नाही. एखाद्या गावाकडून आपण काही शिकलो तर त्याची नोंद त्या गावाच्या नोंदवहीत, त्या गावाच्या नावाने झाली पाहिजे. त्यातून व्यापार उभा राहिला तर गावाचा वाटा आपण होऊन दिला पाहिजे. कोसबाडला शिक्षक कुरणावर गेले ते द्यावयास गेले होते, हे आपण लक्षात ठेवावे.

काळ फार हाताशी नाही. रानाला नावाने ओळखणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. ग्रंथ हरवला तर त्याची दुसरी प्रत कोठेतरी सापडण्याची आशा असते; या माणसांची दुसरी प्रत नाही. यंदाच्या शरदात, कुड्याची साल घेण्याच्या दिवसांत, आपल्या भागातील एका शाळेची दहा-वीस मुले, एक तरुण वैद्य, एक निर्माता आणि एक वृद्ध मेंढपाळ कुड्याच्या झाडाखाली एकत्र उभे राहिले, तर आयुर्वेदाची एक पाठशाळा त्या दिवशी सुरू झाली असे आम्ही समजू. तिला इमारत लागणार नाही, मान्यतेसाठी कोणाकडे अर्ज करावा लागणार नाही. वाचक वैद्यांनी व निर्मात्यांनी असा एक दिवस ठरवावा आणि त्या दिवशी काय पाहिले, काय कळले, कोणते नाव नव्याने ऐकले, हे या त्रैमासिकाकडे लिहून पाठवावे, अशी आमची विनंती आहे. त्या पत्रांतून जी नोंदवही तयार होईल, ती या जिल्ह्याचा स्वतःचा निघंटू ठरेल.